पूर्वेकडे पाठ

"रहमतुल्ला, अरे ही आडवी झाली."

"आडवी?" खड्ड्यातून वर येत रहमतुल्लानं कपाळाचा घाम मनगटानं निपटला आणि आपल्या कामाकडं एकवार प्रेमानं पाहिलं. "मास्तर, खोली तर बगा. खाली कातळ लागला, तरी छातीएवढी घेतलीया. आन कडा बगा कशा निघाल्यात. वळंबा लावल्यावानी."

कडा खरोखरच सुरेख होत्या. कडांबद्दल धर्माजी मास्तरांची काही तक्रार नव्हती. तक्रार एवढीच होती, की जुन्नरच्या ख्रिस्ती कबरस्तानात पहिल्या गोऱ्या साहेबापासून आजतागायत जेवढी माणसं पुरली गेली, ती सगळी डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला अशी निजली होती. आणि ही कबर सरळ दक्षिणोत्तर होती. मास्तरांच्या मागं ताटी खांद्यावर घेऊन मंडळी उभी होती. ताटीवर मास्तरांची बायको होती.

"ताटी खाली ठेवा," मास्तर म्हणाले. खांदेकऱ्यांत साठीच्या आतलं कुणी नव्हतं, त्यामुळं ही आज्ञा ताबडतोब पाळली गेली.

पूर्वेची गोष्ट साधी होती. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, प्रभू पूर्वेकडून येईल आणि मेलेली माणसं उठून बसतील. उठून बसताना तोंड आपोआप त्याच्याकडं असावं, ऐन वेळी शोधाशोध नको, म्हणून ही व्यवस्था. सगळं कबरस्तान प्रार्थनेला बाकांवर बसल्यासारखं होतं: ओळीमागं ओळ, सगळ्यांची तोंडं एकीकडं, आणि प्रत्येकापुढं पुढच्याची पाठ.

आजवर कबरी खणायचं काम गेणभाऊकडं असे. तो मंडळीतलाच, त्याला सांगावं लागत नसे. पण स्वराज्य आलं, साहेब लोक एकेक करून बोटीत बसले, मिशनचा दवाखाना बंद पडला आणि मंडळीतली तरणी माणसं पोटामागं पुण्याला, खडकीला, मुंबईला गेली. गेणभाऊही मुलाकडं खडकीला गेला. मागं उरली ती पुरण्याजोगी माणसं. पुरणारी उरली नाहीत. तेव्हा मंडळीचे पंच सयाजीराव आज सकाळी मुसलमानांच्या कबरस्तानात जाऊन रहमतुल्लाला बोलावून आले होते.

"जागा मी दावली व्हती," सयाजीराव छत्री मिटत म्हणाले. ते दवाखान्यात कंपाउंडर होते. दवाखाना गेला तरी ऐट राहिली होती. "पार हात करून दावली. दिशेचं कुणाच्या ध्यानात येतंय?"

"तुमी म्हन्लाव, दोन ल्हान कबरींच्या पायाशी घे," रहमतुल्ला म्हणाला. "घेतली. मानूस कसा निजवायचा त्ये काय बोलला न्हाई. आन आमच्यात ते इचारायची पाळीच येत न्हाई, राव. हात आपसूक तसाच चालतोय."

ते खरं होतं. मास्तरांना रागही येईना. सोनीबाई पहाटे गेली तेव्हापासून त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं. ते त्या आडव्या खड्ड्याकडं बघत राहिले.

मास्तर हे काही नुसते शाळामास्तर नव्हते. सकाळी मिशनच्या शाळेतली पोरं आणि आठवड्याच्या बाजारी सगळं जग, असे त्यांचे दोन वर्ग होते. दुसऱ्या वर्गात ते एकच विषय शिकवीत: शेवटचा न्याय. बाकीचे प्रचारक हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत, उधळ्या मुलाची सांगत. मास्तरांना असल्या फुटकळ गोष्टींत रस नव्हता. जगाचा हिशेब कसा मिटणार ते आधी माणसाला कळलं पाहिजे, असं त्यांचं मत होतं.

बेल्ह्याच्या बाजारात बैल बांधत त्या जागेच्या कडेला एक लिंब होता. त्याखाली सोनीबाई टाळ वाजवून दोन पदं म्हणे. तिचा गळा चांगला होता, माणसं जमत. मग मास्तर शास्त्रातला जगाचा अंत सुरू करीत: सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या.

"वाट्या कसल्या वो? आमटीच्या?" एकदा बोरीच्या एका म्हातारीनं विचारलं.

"देवाच्या क्रोधाच्या."

"आमच्या सूनबाईची आमटी बी तसलीच आसती," असं म्हणून म्हातारी फतकल मारून बसली. मास्तरांच्या हयातीतला तो सर्वांत लक्षपूर्वक ऐकणारा श्रोता.

बाकीचे टिकत नसत. शिक्के फुटून, कर्णे वाजून, वाट्या ओतून होईतो बैलांचे सौदे रंगात येत. अग्नीच्या सरोवरापाशी मास्तर पोचत तेव्हा त्यांच्यापुढं सोनीबाई आणि एखादं रवंथ करणारं जनावर उरे. सरोवराच्या पुढं, शास्त्राच्या अगदी शेवटी, नवं आकाश आणि नवी पृथ्वी आहे. देव स्वतः माणसांत राहायला येतो आणि एकेकाच्या डोळ्यांचं पाणी पुसतो. पण तिथवर ऐकायला कधी कुणी थांबलंच नाही. त्या पंचक्रोशीत कितीतरी लोकांना एवढं पक्कं ठाऊक होतं की ख्रिस्ती धर्मात शेवटी आग लागते. पुढचं ठाऊक नव्हतं.

"अवो, डोळं पुसायचं आदी सांगा की," सोनीबाई टाळ फडक्यात बांधता बांधता म्हणे. "बैलं सुटायच्या आत."

"क्रम असतो, सोने. न्याय आधी, आशा मागून."

"मागून मागून करता लोकं घरला गेली."

"घाबरल्याशिवाय माणूस वळत नाही."

"घाबरल्यालं मानूस पळतं. आत्ता पळाली की न्हाई समदी?"

मास्तर यावर पुस्तक मिटून चालू लागत. शास्त्र न शिकलेल्या माणसाशी वाद घालू नये असं त्यांना शिकवलं होतं. आणि वाद घातला तर आपण हरू अशी त्यांना आतून थोडी भीतीही होती.

त्यांना दोन मुलं झाली. योना आणि एस्तेर. योना सहाचा आणि एस्तेर चारची असताना गावात पटकी आली आणि दोघं एकाच आठवड्यात गेली. तेव्हा मिशन भरात होतं, साहेब स्वतः पुरणविधीला उभे होते. साहेब म्हणाले, "धर्माजी, आज मी बोलतो." मास्तर म्हणाले, "नको, मीच बोलतो." आणि ते शेवटच्या न्यायावर बोलले. सगळं बोलले, क्रमानं, न अडखळता, डोळ्याला पाणी न आणता. साहेब भारावून गेले. "हा माणूस नाही, खडक आहे," असं ते नंतर पुष्कळांना सांगत. मास्तरांना ते फार आवडलं होतं.

सोनीबाई त्या वेळी पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती. त्यानंतर ती मास्तरांशी बरेच दिवस बोलली नाही. भाकरी वाढायची, पाण्याचा तांब्या ठेवायची. कुणाला काही कळलंही नाही. मास्तरांनाही जरा उशिराच कळलं.

पुनरुत्थानाच्या सणाला मंडळी दिवस उगवताना कबरस्तानात जमते, आपापल्या माणसांच्या कबरी साफ करते, चुना लावते. पोरं गेल्याला बराच काळ लोटल्यावर अशाच एका सणाला सोनीबाई त्या दोन कबरींवरचं गवत उपटत होती. एकाएकी म्हणाली, "मला हितं ठिवा."

"कुठं?"

"त्यांच्या पायाशी. बाजूला तर जागा न्हाई."

बाजूला खरंच नव्हती. एकीकडं मडमेच्या कबरीचं लोखंडी कुंपण आणि दुसरीकडं विहिरीची वाट. पायाशी मात्र बांधापर्यंत मोकळी जमीन होती. मास्तर "बरं" म्हणाले.

ती थोडा वेळ गवत उपटत राहिली. मग म्हणाली, "पर मग लेकरं उठून बसतील तवा मी त्यांच्या म्होरं. त्यांना माजी पाठच दिसंल की वो."

"सगळ्यांना सगळ्यांची पाठच दिसणार. तोंड प्रभूकडं असायचं."

"लेकरांचं न्हाई. ती घाबरत्याल. एवढा मोठा कर्ना वाजनार, आभाळ फाटनार, येवढी गर्दी. एस्तेर तर डफ वाजला तरी माज्या मांडीत शिरायची. त्यांना माजं तोंड दिसाया पायजे. मला उलटी ठिवा."

"उलटी?"

"व्हय. डोसकं तिकडं, पाय लेकरांकडं. म्या उठले की त्यांच्याकडंच बगीन."

मास्तरांना धक्का बसला. "म्हणजे प्रभू येणार आणि तू त्याच्याकडं पाठ करून बसणार? सोने, न्यायाचा दिवस आहे तो. पाठ फिरवणाऱ्यांचं त्या दिवशी काय होणार हेच तर मी हयातभर सांगतोय."

"मला ठावं हाय तुमी काय सांगता त्ये," सोनीबाई म्हणाली. "एका जागी बसून ऐकलंया."

तो विषय पुन्हा निघाला नाही. ती मागत असे ते एकदाच. दिलं नाही तर पुन्हा मागत नसे, ही तिची खोड होती, आणि मास्तर तिला समजूतदारपणा म्हणत.

"मास्तर, आता कसं करायचं?" सयाजीराव विचारत होते. "पाद्रीसाहेब तर मंचराला अडकलं. तार आली, तुमीच उरका म्हनून. आता ह्ये निस्तरायचं बी तुमीच."

"दुसरी खनतो," रहमतुल्ला म्हणाला. "चूक माजी. पर उद्या दुपार हुईल. खाली समदा कातळ हाय. पहारीनं फोडायला लागतोय."

"उद्या?" अंबाबाई पुढं झाली. ती शेजारीण, सकाळी तिनंच सोनीबाईला न्हाऊमाखू घातलं होतं. "चैताचं ऊन हाय, बाबा. तुला काय कळतंय का? भावजी, सोनीला उद्यापातुर ठिवायची न्हाई. म्या सांगते."

सयाजीरावांनी खड्ड्याभोवती एक फेरी मारली. "तिरकी ठिवू," ते म्हणाले. "ह्या कोपऱ्यात डोसकं, त्या कोपऱ्यात पाय. पुरती पूर्व न्हाई साधनार, पर पूर्वेकडं झुकल्यासारखी हुईल." औषधात पाणी घालून ते पुरवण्यात सयाजीरावांचा जन्म गेला होता. धर्मातही त्यांचा हात तसाच चाले. पण खड्डा अरुंद होता, त्यात तिरकं काही मावणार नव्हतं.

"मग ऱ्हाऊ द्या तशीच. पर इचार करा मास्तर. प्रभू येनार पूर्वेकडनं, आन आपली बाय उठून बगनार कुनीकडं? घोडेगावाकडं!"

कुणीतरी म्हातारं मागं खुदकन हसलं आणि लगेच खोकू लागलं.

"घोडेगावाकडं कशापायी?" रहमतुल्लाला आपल्या कामाची एवढी हेटाळणी सहन झाली नाही. "आमी मानूस उताना ठेवतच न्हाई. डोसकं उत्तरंला आन उजव्या कुशीवर. मंग तोंड बराबर मावळतीला येतंय. आसं." आणि त्यानं हात लांब करून दाखवला.

"झालं! मंग तर पाठच की पूर्वेला!" सयाजीरावांनी कपाळावर हात मारला. "प्रचारकाची बायकू आन न्यायाच्या दिवशी प्रभूकडं पाठ! लोकं काय म्हनत्याल? मुसलमानावानी पुरली म्हनत्याल."

मास्तर ते ऐकत नव्हते. ते रहमतुल्लाच्या हाताकडं बघत होते. हात खड्ड्याच्या कडेवरून मावळतीकडं गेला होता, आणि त्याच्या बोटापुढं, अगदी हातभर अंतरावर, दोन लहान कबरी होत्या. सणाला दिलेला चुना अजून टिकून होता.

मास्तर खाली बसले. उगाच. ऊन लागलं असेल असं समजून अंबाबाईनं त्यांचा दंड धरला.

त्या वेळी मास्तरांकडं आणखी एक गोष्ट होती. ती त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता. एकदा पोरांना प्रभू जिथं उतरणार ते यरुशलेम दाखवताना त्यांची छडी जुन्नरवरून निघाली ती डावीकडं गेली, समुद्र ओलांडून डावीकडंच गेली. यरुशलेम जुन्नरच्या पश्चिमेला होतं. साहेबांच्या देशातून ते पूर्वेला पडत होतं. मास्तरांनी एकान्तात साहेबांना विचारलं. साहेब नकाशाकडं पुष्कळ वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "धर्माजी, या वर्षी गीतांची नवी पुस्तकं मागवायला हवीत."

आत्ता हे बोललं असतं तर सयाजीरावांचं तोंड बंद झालं असतं. मास्तरांनी मान वळवून पाहिलं. ताटीमागं सगळी म्हातारी उभी होती, उन्हात, एकमेकांच्या सावलीत. अंबाबाईचा नवरा तिसऱ्या ओळीत होता. सयाजीरावांची आई पहिल्या ओळीत. सगळी आपापल्या माणसांना नीट पूर्वेकडं तोंड करून निजवून निर्धास्त होती. मास्तरांनी नकाशा जिथं होता तिथं राहू दिला.

"सयाजीराव," ते म्हणाले, "त्या दिवशी किती माणसं उठतील?"

"त्ये तुमीच सांगता की. समदी."

"आदमापासूनची?"

"हां."

"आणि देव डोळे पुसणार, ते कसे? सगळ्यांचे एकदम? घाऊक?"

सयाजीराव गोंधळले. डोळे पुसण्याचा भाग त्यांनी मास्तरांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "घाऊक कसं आसंल... त्यो देव हाय. एकेकाचं पुसंल."

"एकेकाचे. बरोबर. शास्त्राच्या अगदी शेवटी तसं आहे. आधी मरण जातं, मग शोक जातो, रडणं जातं, आणि तो स्वतःच्या हातानं एकेकाच्या डोळ्यांचं पाणी पुसतो. न्याय त्याच्यासाठीच आहे, सयाजीराव. वाट मोकळी व्हावी म्हणून. मी ते नेहमी शेवटाला ठेवलं." मास्तर उठून उभे राहिले. "आता आदमापासून सुरुवात झाली, तर जुन्नरची पाळी यायला वेळ लागेल की नाही?"

मास्तरांनी त्या दोन लहान कबरींकडं बोट केलं.

"तोवर माझी दोन पोरं कुणाकडं बघत बसतील?"

सयाजीरावांनी छत्री उघडली, मिटली. मग ती अंबाबाईच्या हातात दिली आणि कोट काढू लागले. "धरा," ते म्हणाले. "चादरीचं एक टोक मी धरतो."

मिशन होतं तोवर लाकडी पेटी मिळायची. आता चादरीवर भागवत असत, आणि आज ते बरंच झालं, कारण पेटीत माणसाला कूस बदलता येत नाही.

रहमतुल्ला मात्र खड्ड्यापासून मागं सरला. "मास्तर, बाईमानसाला मी हात लावनार न्हाई. आमच्यात घरचा मानूस उतरतोय."

मास्तरांनी चपला काढल्या, धोतराचा काचा खोचला आणि कडेला हात टेकून ते खाली उतरले. अर्धे उतरले आणि अर्धे घसरले. जन्मात इतक्या माणसांना त्यांनी मातीत घातलं होतं. पण कायम वरून, हातात पुस्तक धरून. कबर आतून कशी असते ते त्यांनी पाहिलं नव्हतं. आत गार होतं. बाहेर चैत्र आणि आत एवढा गारवा, याचं त्यांना नवल वाटलं.

चादर खाली आली. मास्तरांनी सोनीबाईला हातांवर घेतलं. ती फार हलकी झाली होती; आजारात झाली असणार, त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"उजव्या कुशीवर घ्या," वरून रहमतुल्ला सांगत होता. "खांद्याला धरा. कमरंला धरा. हां. आता सोडू नका, न्हाईतर परत उतानी व्हईल. पाठीमागं ढेकळं लावा. मोठं खाली, बारीक वर."

त्यानं वरून ढेकळं दिली. मास्तर ती एकेक करून हातात घेत, तळहातानं चाचपत. एकाला अणकुचीदार टोक होतं, ते त्यांनी दगडावर घासून बोथट केलं. एक फारच ओबडधोबड होतं, ते परत वर दिलं. "हे नको. टोचेल."

रहमतुल्लानं दुसरं दिलं. असल्या बाबतीत तो वाद घालत नसे.

"सोने, जरा पुढं," मास्तर हळूच म्हणाले आणि तिला बोटभर पुढं सरकवलं. मग ते सरळ उभे राहिले. खड्डा रहमतुल्लाच्या छातीएवढा होता, मास्तरांच्या हनुवटीएवढा. जमिनीच्या कडेला त्यांची हनुवटी टेकली आणि डोळ्यांसमोर, गवताच्या पात्यांमधून, त्या दोन लहान कबरी होत्या. उभ्यानं बघताना त्या नेहमी लहान दिसत. इथून त्या पुरेशा मोठ्या दिसत होत्या. दोन पोरं पांघरुणात निजलेली असावीत तेवढ्या.

सयाजीराव आणि रहमतुल्ला यांनी त्यांना बखोटीला धरून वर ओढलं. मातीत माती, राखेत राख हे शब्द मास्तरांनी म्हटले. ते म्हणून झाले की ते न्यायावर बोलत, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हाताऱ्यांनी पायावरचा भार या पायावरून त्या पायावर घेतला. शिक्के, कर्णे आणि वाट्या म्हणजे बराच वेळ उभं राहावं लागे.

"तो सगळं नवं करणार आहे," मास्तर म्हणाले. "तसं त्यानं कबूल केलंय."

आणि थांबले. मंडळी वाट बघत राहिली. थोड्या वेळानं अंबाबाईच्या लक्षात आलं की मास्तर रडताहेत, आवाज न करता, हातातलं पुस्तक छातीशी धरून. आणि हे त्यांना नीटसं येत नाही, कारण सवय नाही. तिनं सगळ्यांना डोळ्यांनी खुणावलं. मंडळी एकेक करून निघाली. आशीर्वाद न मिळता घरी जायची त्यांच्यावर ही पहिलीच वेळ होती. सयाजीराव कोट खांद्यावर टाकून सगळ्यांच्या मागून गेले.

रहमतुल्लानं माती लोटली. आधी हातानं, मग फावड्यानं. ढीग थापून नीट केला, वर पाणी शिंपडलं. ऊन उतरायला लागलं होतं.

"मास्तर, येक इचारू?"

"विचार."

"कर्ना आमच्यात बी हाय. तुमचा आन आमचा येगळा वाजनार, का येकच?"

या प्रश्नाला मास्तरांपाशी पूर्वी चांगलं लांबलचक उत्तर होतं. "एकच असावा," ते म्हणाले.

"मंग झालं. कोन कुनीकडं तोंड करून हाय, त्ये वाजवनारा बगंल." रहमतुल्ला फावड्याची माती खरवडू लागला.

मास्तर कबरीला वळसा घालून तिच्या पलीकडं, बांधाच्या बाजूला गेले. तिथं थोडी मोकळी जमीन होती. त्यांनी ती पायानं दाबून पाहिली.

"रहमतुल्ला, माझी इथं घे. वेळ येईल तेव्हा. अशीच, आडवी."

रहमतुल्लानं येऊन जागा न्याहाळली. कारागिराच्या नजरेनं त्यानं तिकडून इकडं आणि इकडून तिकडं पाहिलं, आणि त्याला त्यातली खोट दिसली. "मास्तर, हितनं तर तुमाला बाईंची निस्ती पाठ दिसंल."

"हो."

"तोंड न्हाई दिसायचं. आदीच सांगतो. मागनं म्हनाल, आडवी खनली."

"ती चुलीपुढं बसायची आणि मी मागं कंदिलाशी वाचत बसायचो," मास्तर म्हणाले. "कधीतरी मान वर केली की तेवढंच दिसायचं. चालेल मला."

रहमतुल्लाला यात सांगण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. त्याच्याही घरी चूल होती. त्यानं बांधावरचा एक दगड उचलला. "डोसकं उत्तरंला?"

"उत्तरेला."

त्यानं दगड रोवला, टाच मारून घट्ट केला, पहार आणि फावडं खांद्यावर टाकलं आणि सलाम करून तो विहिरीच्या वाटेनं निघून गेला.

मास्तर एकटेच उभे राहिले. दगडापासून ताज्या मातीपर्यंतचं अंतर त्यांनी नजरेनं मोजलं. मग ते वाकले, दगड दोन्ही हातांनी हलवून हलवून सुटा केला आणि वीतभर अलीकडं, तिच्या बाजूला, परत रोवला.